शिंप्याची फीत

घरांत वजनाचा कांटा असणें हें अलीकडे शहरांतील सुशिक्षित कुटुंबाचें एक लक्षण होऊन बसलें आहे. न्हाणीघराच्या दाराशीं कांचेचा एक चौकोनी पाट पडलेला असतो. सकाळीं घरचे यजमान त्यावर उभे राहतात, आंकडा पाहतात, आणि तो पाव किलोनें खालीं आलेला असला तर त्या दिवशींच्या चहांत अर्धा चमचा साखर जास्त पडते. मोजण्याचें दुसरेंहि एक साधन त्याच घरांत असतें. शिवणाच्या यंत्राच्या खणांत, गुंड्यांच्या आणि रिळांच्या पसाऱ्यांत, शिंप्याच्या मापाची फीत गुंडाळून ठेवलेली असते. तिची आठवण झालीच तर पडद्यांचें कापड आणण्याच्या वेळीं होते. वस्तुतः प्रकृतीविषयीं या दोहोंपैकीं अधिक कामाची गोष्ट सांगणारी ती फीत होय. आणि लठ्ठपणा कमी करूं इच्छिणाऱ्या गृहस्थानें व गृहिणीनें आधीं तिची ओळख करून घ्यावी, हें प्रस्तुत भाषणाचें सूत्र आहे.

कांटा खोटें सांगतो असें नव्हे. तो अपुरें सांगतो. हाडें, स्नायु, पाणी आणि चरबी या सर्वांची एकच बेरीज तो पुढें करतो. कोणती रक्कम कोठली हें त्याला ठाऊक नसतें. बेल्जमचे गणिती आदोल्फ केतले यांनीं १८३२ सालीं असें दाखविलें कीं, प्रौढ मनुष्याचें वजन सामान्यतः त्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावें, म्हणजे जो आंकडा येतो त्यालाच अमेरिकन संशोधक अन्सेल कीझ यांनीं १९७२ सालीं ‘बॉडी मास इंडेक्स’ असें नांव दिलें. आज दवाखान्यांतून ‘बी. एम. आय.’ म्हणून जो ऐकूं येतो तो हाच. समूहाची पाहणी करण्यास हें गणित उत्तम आहे. परंतु एका मनुष्याला लावूं गेल्यास त्यांत कांट्याचा दोष तसाच उतरतो.

याचें एक मासलेवाईक उदाहरण पुण्याशींच निगडित आहे. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकांत एक छायाचित्र प्रसिद्ध झालें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे संशोधक त्यांत एकत्र दिसतात. दोघांचाहि निर्देशांक अगदीं एकच, २२.३. तथापि शरीरांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दोघेहि कांट्याच्या मतें सडपातळच. याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुणें जिल्ह्यांतील नवजात अर्भकांचीं मापें इंग्लंडांतील अर्भकांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां असें आढळलें कीं, येथील मुलें जन्मतः वजनानें पुष्कळ हलकीं असलीं तरी त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानानें कमी नसते. उणीव असते ती स्नायूंची. भारतीय मनुष्य दिसावयास बारीक आणि आंतून मेदस्वी असूं शकतो तो असा. म्हणूनच २००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं आशियाई लोकांसाठीं सावध होण्याची पायरी २५ वरून २३ वर आणण्यास सुचविलें, आणि २००९ सालीं भारतीय वैद्यांनींहि तीच धरली.

आतां फितीकडे वळूं. माप घेण्याची रीत सोपी आहे, पण बहुतेक लोक ती चुकवितात. विजारीचा नंबर म्हणजे कंबरेचें माप नव्हे. पोट जसजसें पुढें येतें तसतसा विजारीचा पट्टा खालीं सरकत जातो, आणि गृहस्थ मोठ्या समाधानानें सांगतात कीं गेल्या पंधरा वर्षांत नंबर बदललेला नाहीं. खरें माप बरगडीची सर्वांत खालची कड आणि कुल्ल्याच्या हाडाची वरची कड या दोहोंच्या बरोबर मध्यावर घ्यावयाचें. सरळ उभें राहावें, पाय जरासे अलग ठेवावे, फीत कपड्यावरून न घेतां अंगावरून घ्यावी, ती सर्व बाजूंनीं जमिनीशीं समांतर असावी, कातडींत रुतूं नये. आणि श्वास सहज बाहेर सोडल्यावर आंकडा वाचावा. पोट आंत ओढून वाचलेला आंकडा दुसऱ्या कोणाला फसवीत नाहीं. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आंत आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आंत असावी असा दंडक आहे. जुन्या मापांत म्हणावयाचें तर अनुक्रमें सुमारें साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच. घरांत फीत नसेल तर सुतळीनेंहि भागतें. स्वतःच्या उंचीइतकी सुतळी कापावी, तिची बरोबर मध्यावर दुमड घालावी, आणि ती दुहेरी सुतळी कंबरेभोंवतीं फिरवावी. टोकें एकमेकांस मिळालीं तर ठीक. मध्यें फट राहिली तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त झाली. इंग्लंडांतील आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेनें २०२२ सालीं जनतेला हाच निम्म्याचा नियम सांगितला आहे.

कंबरेच्या घेराला इतकें महत्त्व कां, असें कोणी विचारील. मांडीवरची किंवा दंडावरची चरबी कातडीखालीं बहुतांशीं स्वस्थ पडून असते. पोटाच्या पोकळींत, आंतड्यांभोंवतीं आणि यकृतांत सांठणारी चरबी तशी नसते. तिच्यांतून मेदाचे अंश रक्तांत उतरत राहतात, यकृत व स्नायु इन्शुलिनच्या सांगण्याला दाद देईनासे होतात, आणि रक्तांतील साखर व रक्ताचा दाब हळूहळू वर चढूं लागतो. वर्षानुवर्षें यांतलें कांहींच दुखत नाहीं, हीच त्यांतील मेख आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेली देशव्यापी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. तींत प्रौढांपैकीं ११.४ टक्के मधुमेही आढळले. एकंदर अंदाज १० कोटी १० लाखांचा. कंबरेचा घेर मर्यादेबाहेर गेलेले मात्र शेंकडा ३९.५ भरले, आणि शहरांत तर त्याहूनहि अधिक.

या संबंधांत लंडनच्या बसगाड्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. डॉ. जेरी मॉरिस यांनीं १९५३ सालीं असें दाखवून दिलें कीं, दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या चालकांपेक्षां त्याच दुमजली गाड्यांत जिना चढत-उतरत तिकिटें देणाऱ्या वाहकांना हृदयविकार पुष्कळ कमी होतो. पगार, वस्ती, आहार यांत दोघांत म्हणण्यासारखें अंतर नव्हतें. येथवरची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. परंतु मॉरिस यांनीं पुढें १९५६ सालीं कंपनीनें या लोकांना शिवून दिलेल्या गणवेशांच्या नोंदी तपासल्या, आणि त्यांत चालकांच्या विजारींचे कंबरेचे घेर वाहकांहून मोठे निघाले. तेहि प्रत्येक वयांत, अगदीं नव्यानें लागलेल्या तरुणांतसुद्धां. म्हणजे सर्वच श्रेय जिन्याला देतां येत नाहीं. कांहींजण मुळांतच रुंद कंबर घेऊन आले होते. आपल्याच सिद्धान्ताला बाध आणणारी ही नोंद त्यांनीं स्वतः शोधून छापली, हें त्यांच्या शास्त्रनिष्ठेला भूषणावह आहे. आणि ती सांपडली कोठें, तर शिंप्याच्या वहींत!

घेर कमी करावयाचा तर सुरुवात स्वयंपाकघरांत केली पाहिजे, कारण व्यायामाचा हिशेब मनुष्याला वाटतो तितका उदार नाहीं. ७० किलो वजनाचा मनुष्य अर्धा तास बऱ्यापैकीं झपझप चालला तर सुमारें १२० कॅलरी खर्च होतात. आणि मोठा चमचाभर तेल म्हणजेहि सुमारें १२० कॅलरीच. ज्या घरीं फिरून आल्यावर परतीच्या वाटेवरचा वडा खाण्याची चाल आहे तेथें फिरणें हें वड्याला केवळ निमित्त होतें.

तथापि कॅलरी मोजीत जेवणें हा मार्ग कुटुंबवत्सल माणसांचा नव्हे. त्यापेक्षां महिन्याची वाण्याची यादी तपासावी. ती एकट्याची नसून सर्व घराची असते, आणि तींत लपवाछपवीला वाव कमी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं आहाराचीं नवीं सूत्रें प्रसिद्ध केलीं. २००० कॅलरींच्या दिवसाच्या आहारांत तिनें धान्य २५० ग्रॅम, डाळी व कडधान्यें ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळें १०० ग्रॅम, दूध-दहीं ३०० मिलिलिटर, दाणे, तीळ इत्यादि ३५ ग्रॅम आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलें आहे. चार प्रौढांच्या घराचा तीस दिवसांचा गुणाकार करून पाहावा. तेल-तुपाचे ३२४० ग्रॅम होतात. म्हणजे तूप, लोणी सर्व धरून सुमारें साडेतीन लिटर. धान्य, म्हणजे तांदूळ, गहूं, ज्वारी, पोहे, रवा सर्व मिळून, ३० किलो. आणि डाळी-कडधान्यें? १० किलो २०० ग्रॅम! हा शेवटचा आंकडा पाहून बहुतेक घरांत एकमेकांकडे पाहिलें जाईल. मांसाहारी कुटुंबांत यांतील कांहीं भाग अंडीं, मासे, मांस यांनीं भरून निघतो. परंतु शाकाहारी घरांत तेलाचा डबा महिना संपण्याच्या आधींच संपतो आणि डाळीचा डबा पुढच्या महिन्यापर्यंत पुरतो, असा उलटा प्रकार सर्रास आढळतो. पातळ वरणाची एक पळी भातावर घेतली म्हणजे प्रथिनें पोटांत गेलीं अशी जी समजूत आहे ती निराधार आहे. मोड आलेल्या मटकीची उसळ, घट्ट वरण, पिठलें, हरभऱ्याची आमटी, दहीं, ताक यांनीं ताटाचा मोठा भाग व्यापला पाहिजे. आणि कोशिंबीर ही ताटाच्या कडेची शोभा न राहतां वाटीभर झाली पाहिजे. भाजी आणि उसळ दुप्पट घेऊन भात निम्मा केला तर उपाशी उठल्याची भावना होत नाहीं. पोळीऐवजीं भाकरी खाल्ल्यानें माणूस बारीक होतो असेंहि पुष्कळांस वाटतें. ज्वारीची भाकरी चांगली खरी, पण चार भाकरी त्या चारच.

साखरेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें तें असें कीं, वरून घातलेली साखर दिवसास सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे सहा लहान चमचे, एवढ्यावर ठेवतां आली तर उत्तम. चार कप चहा आणि प्रत्येकीं दोन चमचे या हिशेबानें आठ चमचे चहांतच संपले. बिस्किटें, जॅम आणि बाटलींतील थंड पेयें अजून यावयाचींच आहेत. गूळ व मध यांनाहि याच खात्यांत मांडावें. ते सात्त्विक आहेत म्हणून शरीर त्यांना सवलत देत नाहीं. चहा एकदम बिनसाखरेचा करण्याचा निश्चय बहुधा चार दिवस टिकतो. दर पंधरवड्यास पाव चमचा कमी करीत गेलें तर जीभ तक्रार न करतां मागोमाग येते.

उपवासाची गोष्ट निराळी काढली पाहिजे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यानें केली त्याला पोषणशास्त्र शिकवण्याची गरज नव्हती. साबूदाणा हा टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ शुद्ध पिष्ट पदार्थ. त्यांत प्रथिनें नांवाला. त्याची तुपांत परतलेली खिचडी, तिच्यांत बटाटा, वर दाण्याचें कूट, जोडीला तळलेले पापड, असा फराळ दोनदां झाला कीं नेहमींच्या जेवणापेक्षां तो जड भरतो. व्रत करणाऱ्यांच्या श्रद्धेला हात लावण्याचें येथें कारण नाहीं. वरी, राजगिरा, दहीं, फळें, काकडीची कोशिंबीर हीहि उपवासाला चालतात, एवढें ध्यानांत असूं द्यावें.

आणि आतां जें सांगावयाचें तें यजमानांपेक्षां घरच्या गृहिणीविषयीं आहे, व तें अधिक महत्त्वाचें आहे. पुष्कळ घरांतून ती सर्वांच्या मागून जेवते. तोंवर भाजी तळाला गेलेली असते, वरण संपलेलें असतें, आणि भात व पोळ्या उरलेल्या असतात. मग अन्न टाकूं नये या चांगल्या शिकवणीपायीं मुलाच्या ताटांतील अर्धी पोळी, पातेल्यांतील दोन घांस, सकाळचा उरलेला शिरा हें सारें तिच्याच वांट्याला येतें. पुन्हां कामें आटोपतां आटोपतां रात्रीचे साडेदहा वाजतात. अशा रीतीनें घरांतील सर्वांत निकस आणि सर्वांत उशिराचें जेवण तिचें होतें. पुढें तिची कंबर वाढली म्हणजे ‘वयपरत्वें व्हायचेंच’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतें, आणि डॉक्टरकडे तपासणीला यजमान जातात. अन्नाला मान देण्याचा मार्ग उरलेलें पोटांत ढकलणें हा नसून मोजून शिजविणें हा आहे. सर्वांचीं ताटें एकाच वेळीं मांडावीं, तिचेंहि त्यांत असावें, आणि भाजी वाढतांना पहिल्या पानावर जितकी पडते तितकीच शेवटच्या पानावर पडावी. वाचणाऱ्यास ही सामाजिक सुधारणेची बाब वाटेल. ती आहेच, परंतु ८० सेंटिमीटरच्या आंकड्याशींहि तिचा थेट संबंध आहे.

व्यायामाचा हिशेब कॅलरींत उदार नसला तरी त्याचा उपयोग निराळा आहे. केवळ कमी खाऊन वजन उतरविलें तर चरबीबरोबर स्नायूहि झिजतात, आणि स्नायु ज्यांच्यापाशीं आधींच कमी त्यांना तो सौदा फार महाग पडतो. कांटा खालीं येतो, मनुष्य मात्र अशक्त होतो. साठीनंतर तर जिना चढतांना त्याचा प्रत्यय येतो. म्हणून चालण्याबरोबर बळ वाढविणारा व्यायामहि पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनेप्रमाणें प्रौढ मनुष्यानें आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंना काम द्यावें. मध्यम श्रम म्हणजे बोलतां येतें पण गातां येत नाहीं इतपत. दहा हजार पावलांचा जो बोलबाला आहे तो १९६५ सालीं जपानांत विक्रीस आलेल्या एका पावलें मोजणाऱ्या यंत्राच्या नांवावरून पडलेला आहे. साठीपुढच्या माणसांना सहा ते आठ हजारांपर्यंत लाभ वाढत जातो व त्यापुढें त्याची वाढ थांबल्यासारखी होते, असें २०२२ सालीं अनेक अभ्यास एकत्र करून पाहतां दिसलें. आपल्याकडील शतपावली ही मात्र शास्त्राच्या कसोटीला चांगली उतरली आहे: जेवणानंतर थोडें चाललें असतां रक्तांतील साखरेची उसळी कमी होते. फक्त तिची शंभर पावलें हजार करावीं.

बळाच्या व्यायामाला यंत्रशाळाच हवी असें नाहीं. खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठून बसावें, भिंतीला हात लावून तिरप्या जोरा काढाव्या, जमिनीवर मांडी घालून बसावें आणि आधाराशिवाय उठण्याचा सराव ठेवावा. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सूर्यनमस्काराचा प्रसार ज्या निष्ठेनें केला ती सर्वश्रुत आहे. संस्थानांतील शाळांतून त्यांनीं तो शिकविला. ज्यांचे गुडघे व रक्तदाब परवानगी देतात त्यांना आजहि इतक्या थोड्या जागेंत इतका सर्वांगीण व्यायाम दुसरा सांपडणें कठीण. पोटाच्या उठाबशा काढून पोटावरचीच चरबी जाते, किंवा थरथरणारा पट्टा बांधून ती वितळते, या जाहिरातींवर मात्र एक पैसाहि घालवूं नये. चरबी कोठून आधीं जावी हें शरीर ठरवितें. सुदैवानें नियमित चालणाऱ्याच्या बाबतींत तें पुष्कळदां पोटापासूनच आरंभ करतें.

हें सर्व करूनहि कांटा हलत नाहीं अशी तक्रार दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत हमखास येते, आणि पुष्कळ चांगले उपक्रम तेथेंच बंद पडतात. अशा वेळीं चेन्नईच्या प्रयोगाची आठवण ठेवावी. डॉ. ए. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनीं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर केलेला हा अभ्यास २००६ सालीं प्रसिद्ध झाला. आहारांत बेताचा बदल आणि चालण्याचा नियम एवढ्यावर सुमारें अडीच वर्षांत मधुमेह होण्याचें प्रमाण २८.५ टक्क्यांनीं घटलें. आणि या लोकांचें वजन म्हणण्यासारखें उतरलें नव्हतें! अमेरिकेंतील अशाच प्रयोगांत, जेथें वजनहि सुमारें ७ टक्क्यांनीं उतरविण्याचा प्रयत्न होता, ही घट ५८ टक्के होती, हें खरें. वजन उतरेल तर सोन्याहून पिवळें. परंतु न उतरलें म्हणून चालणें सोडून देणारा मनुष्य मिळत असलेला लाभहि टाकून देतो. फितीचें माप महिन्यांतून एकदांच, ठराविक वारीं, सकाळीं उठल्यावर घ्यावें व दिनदर्शिकेच्या कोपऱ्यांत लिहावें. रोज मोजल्यानें मन तेवढें चिडतें.

२०२५ सालापासून आठवड्यास एकदां टोंचण्याचीं वजन उतरविणारीं नवीं औषधें भारतांतहि उपलब्ध झालीं आहेत. तीं गुणकारी आहेत, आणि डॉक्टरच्या देखरेखीवांचून घेण्याचीं नाहींत; बंद केल्यावर वजन बहुधा परत येऊं लागतें, तेव्हां तीं घेणाऱ्यालाहि डाळीचा डबा आणि चालण्याच्या वहाणा सुटत नाहींत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालूं असणाऱ्यांनीं जेवण कमी करण्यापूर्वीं औषधाची मात्रा विचारून घ्यावी, नाहींतर साखर एकाएकीं उतरून घेरी येण्याचा संभव असतो. गरोदर स्त्रियांनीं व वाढत्या वयाच्या मुलांनीं वजन उतरविण्याचा आहार धरूं नये. मुलांचीं बिस्किटें व थंड पेयें बंद करून त्यांना मैदानावर पाठवावें. छातींत दाब येणें, थोड्या चालण्यानेंहि धाप लागणें असें होत असेल तर आधीं तपासणी, मग व्यायाम. आणि कांहीं न करतां ज्याचें वजन आपोआप उतरूं लागलें आहे, त्यानें आनंद न मानतां त्याच आठवड्यांत डॉक्टरकडे जावें.